थ्रेडचं जाळं घरात बसवताना: कूलर, इन्व्हर्टर आणि भिंतीवरचं बटण

मागच्या वर्षी मार्चमध्ये, कूलर माळ्यावरून उतरवायच्या आधीच, मी 'थ्रेड' या बिनतारी जाळ्यावर चालणारी सात उपकरणं घरी आणली. चार बॅटरीवरचे सेन्सर, दोन स्मार्ट प्लग, एक बल्ब. आमचं घर नागपुरात, नरेंद्रनगरात आहे, तळमजला, वर एक मजला आणि गच्ची. हेतू अगदी घरगुती होता. मे महिन्यात रात्रभर कूलर लागतो, पण पहाटे चारच्या सुमारास खोली गारठते आणि उठून तो बंद कोण करणार यावर रोज रुसवेफुगवे. खोलीचं तापमान बघून प्लगने आपणच कूलर बंद करावा, एवढंच हवं होतं.

पुढचे तीन आठवडे अ‍ॅपवर 'ऑफलाइन' हा एकच शब्द दिसत राहिला. उपकरणांत काही खोट नव्हती. मी सगळं उलट्या क्रमाने केलं होतं. तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हा खटाटोप.

थ्रेड म्हणजे काय, थोडक्यात

बॅटरीवर चालणाऱ्या लहान उपकरणाला वाय-फाय परवडत नाही. नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलमध्ये जेमतेम २२० मिलिअँपिअर-तास असतात, आणि वाय-फायचा रेडिओ संदेश पाठवताना शेकडो मिलिअँपिअर ओढतो. थ्रेडचा रेडिओ त्या मानाने चिमूटभर खातो आणि बराच वेळ झोपलेला असतो. हा रेडिओ झिगबी या घरगुती उपकरणांच्या जुन्या बिनतारी पद्धतीच्या जातीचाच आहे: आयईईई ८०२.१५.४ मानक, २.४ गिगाहर्ट्झ पट्टा, वेग फक्त २५० किलोबिट प्रति सेकंद. व्हिडिओ त्यावरून जाणार नाही. 'दार उघडलं', 'तापमान २६' एवढं आरामात जातं.

झिगबीपेक्षा वेगळं काय? थ्रेडमध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा आयपीव्ही६ पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीचा पत्ता असतो, जसा तुमच्या लॅपटॉपला असतो. अडचण एकच. आयपीव्ही६च्या नियमाने जाळ्यावरून १२८० बाइटचं पाकीट जाता आलं पाहिजे, आणि या रेडिओच्या एका फेरीत मावतात फक्त १२७ बाइट. इतवारीच्या बाजारात ज्यांनी माल उतरताना पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. ट्रक गल्लीत शिरत नाही. तो बाहेर थांबतो, पोती हातगाड्यांवर चढतात आणि दुकानापुढे पुन्हा थप्पी लागते. ही हातगाडीची व्यवस्था म्हणजे '६लोपॅन'. ४० बाइटचा पत्त्याचा मथळाही ती दाबून काही बाइटांवर आणते. आणि ट्रक जिथे थांबतो, म्हणजे घरच्या वाय-फायचं जग आणि थ्रेडचं जग जिथे भेटतं, ती जागा म्हणजे 'बॉर्डर राउटर'.

हे मानक सांभाळणारा थ्रेड ग्रुप २०१४ मध्ये स्थापन झाला. पण सामान्य माणसाला त्याचा खरा उपयोग २०२२ च्या ऑक्टोबरात 'मॅटर' आल्यावर होऊ लागला. थ्रेड हा रस्ता आहे, मॅटर ही त्यावर बोलायची भाषा. दुकानदार दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि पहिली फसगत तिथेच होते.

जमवाजमव

- थ्रेड बॉर्डर राउटर, एक
- विजेवर चालणारी थ्रेड उपकरणं, म्हणजे प्लग, किमान दोन
- बॅटरीचे सेन्सर, हवे तेवढे
- फायबरच्या डब्याचा, म्हणजे घरच्या इंटरनेट राउटरचा, अ‍ॅडमिन पासवर्ड. वाय-फायचा नव्हे, आतल्या सेटिंगचा
- ब्लूटूथ चालू असलेला, अपडेट केलेला फोन
- एक वही आणि मार्कर पेन. हसू नका, सहाव्या पायरीत कळेल
- घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची लाइन कोणकोणत्या सॉकेटला गेलीय याची माहिती

## १. खोक्यावरचे शब्द नीट वाचा

मॅटरचा शिक्का बघून उपकरण थ्रेडचं आहे असं समजू नका. मॅटर वाय-फायवरही चालतं आणि इथरनेटच्या वायरवरही. बाजारातले मॅटर प्लग बरेचसे वाय-फायचे असतात. ते वाईट नाहीत, पण थ्रेडच्या जाळ्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही. 'मॅटर ओव्हर थ्रेड' असं स्पष्ट लिहिलेलं शोधा.

मी आधी बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, चक्कर मारली. काउंटरवरच्या मुलाने अगदी आत्मविश्वासाने वाय-फायचा प्लग पुढे केला आणि म्हणाला, "भाऊ, एकच आहे सगळं." एकच नाही. त्याच्याशी वाद न घालता खोकं उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. यातली बरीच उपकरणं शेवटी ऑनलाइनच मागवावी लागतात. तिथे आणखी एक बघा: पिन आपल्या सॉकेटच्या आहेत का? परदेशी पिनांचा प्लग घेऊन त्याला कन्व्हर्टर लावायचा आणि त्यावर कूलर चालवायचा, हा उद्योग कृपया करू नका. प्लगवर लिहिलेले अँपिअरही बघा. कूलर सहज चालतो. २००० वॅटचा गिझर हलक्या प्लगवर लावाल तर जळका वास येईल.

## २. बॉर्डर राउटर आधीच घरात आहे का बघा

बऱ्याच जणांकडे तो असतो आणि माहीत नसतो. अ‍ॅपलच्या होमपॉड मिनीमध्ये आहे. गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या नेस्ट हबमध्ये आहे. २०२२ च्या अ‍ॅपल टीव्ही ४के मध्ये आहे, पण फक्त १२८ जीबीच्या, इथरनेटचं भोक असलेल्या मॉडेलमध्ये. स्वस्त मॉडेलात नाही. नेस्ट मिनी मॅटरची उपकरणं सांभाळतो, पण त्यात थ्रेडचा रेडिओच नाही. आकार बघून किंवा नाव बघून ठरवू नका, तांत्रिक तपशिलात 'थ्रेड' हा शब्द आहे का ते बघा.

कोणता घ्यावा? घरात सगळ्यांचे फोन कोणते आहेत ते बघा, तुमचा एकट्याचा नको. आई-बाबांकडे अँड्रॉइड आणि तुमच्याकडे आयफोन असेल, तर रोज बटणं दाबणाऱ्याच्या फोनप्रमाणे ठरवा. हाताने खटपट करायची हौस असेल तर घरच्या संगणकावर चालणारं 'होम असिस्टंट' हे सॉफ्टवेअर आणि थ्रेडचा यूएसबी डोंगल हाही रस्ता आहे. मला आवडतो, पण पहिल्यांदाच करणाऱ्याला मी सुचवणार नाही.

एक सापळा इथे आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे बॉर्डर राउटर एका घरात आले की ते बऱ्याचदा दोन वेगळी जाळी तयार करतात. प्रत्येकाची किल्ली निराळी, त्यामुळे एका जाळ्यातला प्लग दुसऱ्या जाळ्यातल्या सेन्सरला हात देत नाही. २०२४ मध्ये आलेल्या थ्रेड १.४ मध्ये ही किल्ली वाटून घेण्याची एकसारखी पद्धत ठरली आहे, पण जुनी उपकरणं लगेच सुधारत नाहीत. सुरुवातीला एकच कंपनी, एकच जाळं.

## ३. फायबरच्या डब्याची झडती घ्या

थ्रेडला इंटरनेट लागतं का? रोजच्या कामाला नाही. आमच्या भागात रस्ता खोदला की फायबर तुटतो, तेव्हाही पहाटेचा कूलर वेळेवर बंद होतो, कारण हा सगळा व्यवहार घरातल्या घरात होतो. तुमच्या कंपनीने आयपीव्ही६ दिलं नसलं तरी चालतं. बॉर्डर राउटर घरापुरते पत्ते स्वतः तयार करतो. पण घरातल्या डब्यानेच आयपीव्ही६ची पाकिटं अडवली तर मात्र सगळं ठप्प. तपासायचं ते असं:

फोन आणि बॉर्डर राउटर एकाच नेटवर्कवर हवेत. एक गेस्ट वाय-फायवर आणि दुसरा मुख्यवर असं चालत नाही. फायबरच्या डब्याला तुम्ही स्वतःचा दुसरा राउटर जोडला असेल तर तो 'ब्रिज' किंवा 'अ‍ॅक्सेस पॉइंट' पद्धतीने लावा, नाहीतर घरात दोन वेगळे मोहल्ले तयार होतात आणि एकाची हाक दुसऱ्यात ऐकू जात नाही. 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन', म्हणजे वाय-फायवरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सेटिंग, बंद हवं. मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना दिलेली हाक, गाळणारी सेटिंग असेल तर तीही बंद, कारण उपकरणं एकमेकांना मल्टिकास्टनेच हाक मारून शोधतात. आणि फोनवर व्हीपीएन चालू असेल तर जोडणीपुरतं थांबवा.

अ‍ॅडमिन पासवर्ड मात्र मागून घ्यावा लागतो. जोडणी करून गेलेल्या मुलाला मी चार फोन केले, पाचव्यांदा त्याने सांगितला. आमच्या डब्यात आयसोलेशन चालूच होतं. माझ्या तीन आठवड्यांतला पहिला आठवडा यातच गेला.

## ४. आधी प्लग, सेन्सर शेवटी

या लेखातून एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

थ्रेड हे जाळं आहे, म्हणजे उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे नेतात. पण सगळी नाही. कायम विजेवर असलेली उपकरणंच निरोप्याचं काम करतात; तीच जाळ्यातली राउटर. बॅटरीचा सेन्सर झोपाळू असतो. तो झोपतो, मधूनच उठतो, आपल्या 'पालका'ला, म्हणजे ज्याच्याशी तो जोडलेला आहे त्या राउटरला, विचारतो की माझ्यासाठी काही निरोप आहे का, आणि परत झोपतो. तो दुसऱ्या कुणाचा निरोप नेत नाही. त्यामुळे दहा सेन्सर आणलेत तरी जाळं एका इंचाने वाढत नाही. वाढतं ते प्लगने.

मी उत्साहात आधी चारही सेन्सर लावले. बॉर्डर राउटर खाली बैठकीत, एक सेन्सर वर झोपायच्या खोलीत, एक थेट गच्चीवर टाकीजवळ. मध्ये एक स्लॅब, मग दुसरा स्लॅब, आणि निरोप नेणारं कोणीच नाही. प्लग मी 'कूलर आल्यावर लावू' म्हणून कपाटात ठेवले होते.

बरोबर क्रम असा: बॉर्डर राउटर घराच्या मध्याच्या जवळ. पहिला प्लग त्याच्यापासून एका खोलीच्या अंतरावर. तो अ‍ॅपमध्ये तासभर टिकला की दुसरा प्लग पहिल्यापासून पुढच्या खोलीत किंवा जिन्यात. दिव्याच्या माळेसारखं एकेक पुढे जा. एका जाळ्यात ३२ पर्यंत राउटर चालतात, त्यामुळे घरापुरती जागेची चिंता नाही. सेन्सर सगळ्यात शेवटी, आणि जिथे राहणार त्याच जागी.

## ५. भिंतीवरच्या बटणाचा बंदोबस्त

परदेशातल्या व्हिडिओंत हे कोणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे ही भानगडच कमी. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं, आणि काम झालं की बटण बंद करायचं हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. बाकी काहीही चुकेल पण ही सवय चुकणार नाही.

अ‍ॅपवरून प्लग बंद केला तर फक्त कूलर बंद होतो. प्लगच्या आतला रेडिओ जिवंत राहतो आणि निरोप नेत राहतो. भिंतीवरचं बटण बंद केलं तर प्लगच मरतो, आणि त्याच्या भरवशावर बसलेले सेन्सर दुसरा पालक शोधायला लागतात. जवळपास दुसरा नसेल तर ऑफलाइन.

आमच्याकडे रोज सकाळी साडेसातला जाळं तुटायचं. मी राउटरच्या नोंदी चाळत बसलो होतो. शेवटी एका रविवारी नुसता खोलीत बसून राहिलो. साडेसातला आई आली, पांघरुणं घड्या करून ठेवली, जाता जाता कूलरचं बटण खट्कन बंद केलं.

"अगं, ते बंद नको करू."

"काहून? रात्रंदिवस चालू ठेवायचं का? बिल कोण भरते?"

तिचं बरोबर होतं, माझं सांगायचं राहिलं होतं. प्लग स्वतः वाट बघत बसताना फार थोडी वीज खातो हे तिला पटवायला मला महिन्याचं बिल येईपर्यंत थांबावं लागलं. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा. त्या बटणावर पारदर्शक टेप लावा. त्याहून बरा उपाय म्हणजे, घरी ज्याला कोणी हात लावत नाही असं सॉकेट शोधा: फ्रिजचं, वॉटर प्युरिफायरचं, डब्याचं. तिथे एक प्लग फक्त राउटर म्हणून बसवा, मागे काही न जोडता. मी जिन्यातल्या सॉकेटमध्ये असा रिकामा प्लग लावलाय. पाहुणे विचारतात, हा कशाचा? मी म्हणतो, तो चौकीदार आहे.

बल्बचंही तेच. थ्रेडचा बल्ब भिंतीवरच्या बटणावर चालतो, म्हणून त्याला राउटर म्हणून मोजू नका. मी एक घेतला, पैसे वाया गेले.

## ६. जोडणी: आधी कोडचा फोटो, मग स्क्रू

मॅटरच्या प्रत्येक उपकरणावर एक क्यूआर कोड आणि त्याखाली ११ आकडी नंबर असतो. तो हरवला तर उपकरण रीसेट केल्यावर पुन्हा जोडणं जवळजवळ अशक्य. सेन्सरवर तो कधी मागच्या बाजूला असतो, म्हणजे भिंतीला चिकटवला की गेला. प्लगवर तर अशा जागी छापतात की सॉकेटमध्ये लावल्यावर दिसतच नाही. म्हणून वही. प्रत्येक उपकरणाचं नाव, नंबर, कुठे लावलंय ते लिहा आणि फोटोही काढा. मार्करने उपकरणावरच 'वरची खोली', 'जिना' असं लिहून टाका. चार पांढरे सारखे सेन्सर रीसेट करताना कोणता कुठला हे ओळखणं म्हणजे निव्वळ डोकेदुखी.

जोडणी ब्लूटूथवरून होते: फोन ब्लूटूथने उपकरणाशी बोलतो, त्याला थ्रेडच्या जाळ्याची किल्ली देतो, मग ते थ्रेडवर जातं. म्हणून फोन उपकरणाच्या हातभर अंतरात ठेवा. वीज किंवा सेल लावल्यावर उपकरण साधारण १५ मिनिटं जोडणीसाठी खुलं असतं. नंतर सेल काढून परत घाला. मध्येच अडकलं तर तसंच पुन्हा पुन्हा दामटू नका, पूर्ण रीसेट करा आणि पहिल्यापासून सुरू करा.

आणि बॉर्डर राउटर कधी फॅक्टरी रीसेट करू नका. तो एकटाच असेल तर जाळ्याची किल्ली जाते आणि सगळी उपकरणं परत जोडावी लागतात.

## ७. जागा: पत्रा, स्लॅब आणि ऊन

आपला खिडकीतला कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याची पेटी आणि खाली पाण्याने भरलेली टाकी. रेडिओला पत्रा आणि पाणी दोन्ही नकोत. प्लग कूलरच्या एका बाजूला आणि सेन्सर दुसऱ्या बाजूला, असं असेल तर मधला कूलर भिंतीचं काम करतो. सेन्सर कूलरच्या बाजूच्या भिंतीवर लावा, आणि हवेच्या झोतात नको, नाहीतर तो खोलीचं नव्हे, झोताचं तापमान सांगेल. महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींना दर खोलीत एक प्लग धरून चाला.

वाय-फायची गर्दीही याच पट्ट्यात असते. फोनच्या अ‍ॅपमधून थ्रेडचा चॅनेल सहसा बदलता येत नाही, म्हणून वाय-फायचा बदला: २.४ गिगाहर्ट्झची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा, 'ऑटो' काढून १, ६ किंवा ११ पैकी एक पक्का ठेवा. बॉर्डर राउटर फायबरच्या डब्याला चिकटवून ठेवू नका, हातभर तरी लांब.

आता ऊन. नाण्यासारख्या सेलची मर्यादा साधारण ६० अंशांची असते. मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना गच्चीवरच्या पत्र्याखाली, उन्हात ठेवलेल्या बंद प्लास्टिकच्या डबीत तेवढं सहज होतं. माझ्या टाकीजवळच्या सेन्सरचा पहिला सेल नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपायच्या आत बसला. तो आता टाकीच्या उत्तरेकडच्या सावलीत आहे. आणि उन्हातल्या सेन्सरच्या आकड्यावर विश्वासही ठेवू नका. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, गावभर चर्चा झाली, आणि मग सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितलं. तिथे ही गत, तर आपल्या डबीचं काय.

## ८. एकदा मुद्दाम लाइट घालवून बघा

पावसाळ्याआधीच्या वादळात लाइट जाणारच. तेव्हा काय शिल्लक राहतं हे आधी बघून ठेवा. इन्व्हर्टरची लाइन सहसा पंखे, दिवे आणि लहान सॉकेटना असते. कूलरच्या मोठ्या सॉकेटला नसते. म्हणजे लाइट गेली की कूलरचा प्लग, पर्यायाने तुमचा राउटर, गेला. म्हणून फायबरचा डबा, बॉर्डर राउटर आणि किमान एक रिकामा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनीवर हवेत. इन्व्हर्टरच्या मागे मोड बदलायचं बटण असेल तर ते 'यूपीएस'वर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये लाइन बदलताना जो क्षणभर खंड पडतो त्यात डबा आणि बॉर्डर राउटर रीस्टार्ट होऊ शकतात.

चाचणी अशी: दुपारी, घरच्यांना सांगून, मेन स्विच खाली करा. दहा मिनिटं थांबा. मग अ‍ॅप उघडून एकेक उपकरण बघा. काही ऑफलाइन दिसलं तर लगेच रीसेट करायला धावू नका. झोपाळू सेन्सरला नवा पालक शोधायला थोडा वेळ द्या. मेन स्विच वर केल्यावरही तसंच, जाळं आपापलं सावरतं.

आमच्या पहिल्या चाचणीत गच्चीचा सेन्सर गेला तो आलाच नाही. जिन्यातला चौकीदार इन्व्हर्टरच्या लाइनीवर नव्हता. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने बोर्ड उघडला, एक वायर इकडची तिकडे केली. एवढ्या लहान प्लगसाठी वेगळी लाइन कशाला, असं त्याने दोनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आत आईनेच त्याला समजावून सांगितलं की हे बटण बंद करायचं नसतं.